मोठ्या बाई सायकल शिकतात

"हा जरा चष्मा धरा," असं मोठ्या बाई म्हणाल्या की आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघायचो. चष्मा उतरला म्हणजे आता काहीतरी होणार, आणि ते मुख्याध्यापिकेला शोभणारं नसणार, हे ठरलेलं. खो-खोत मुली पळायला लाजल्या तेव्हा चष्मा माझ्या हातात आला आणि बाई पदर खोचून धावल्या. खांब त्यांना दिसला, पण कपाळाला लागल्यावर.

मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमची सातवीपर्यंतची शाळा. तुम्हीही असे मुख्याध्यापक पाहिले असतील, जे आले की वऱ्हांडा गप्प होतो. आमच्या बाई आल्या की गलका वाढायचा.

साहेब तपासणीला आले आणि आमच्यापैकी कुणाचं काही चुकलेलं सापडलं, की बाई पुढे होऊन म्हणत, "माझंच चुकलं, साहेब." ही सवय इतकी मुरली होती की एकदा साहेबांशी बोलता बोलता लाइट गेली, तरी म्हणाल्या, "माझंच चुकलं." साहेबांनीही पुन्हा होऊ देऊ नका म्हणून बजावलं.

गावातल्या मुली सातवीनंतर घरी बसत. हायस्कूल उताराखालच्या गावात, आणि एसटीची वेळ जुळत नसे. बाईंनी कल्याणच्या एका मंडळाच्या मागे लागून जुन्या सायकली मिळवल्या. सायकली वऱ्हांड्यात आल्या आणि वऱ्हांड्यातच राहिल्या. पडलो तर गाव हसेल, म्हणून मुली हात लावीनात. एका सीटवर कोंबडी बसायला लागली, तेवढाच काय तो उपयोग.

सातवीतली काजल सगळ्यांत हुशार. बाई तिच्या घरी गेल्या, मीही सोबत होतो. तिचे वडील अंगणात पेंढ्याची उडवी रचत होते.

"नाय बाई," ते म्हणाले. "पोरगी पडली, हात मोडला, तर पुढं तिच्याशी लगीन करील कोन? तुमाला तरी येते का सायकल?"

"नाय येत," बाई म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय? शिकते."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि चष्मा माझ्या हातात आला. पन्नाशी उलटलेल्या बाई सीटवर, मागे कॅरियर धरून मी, आणि रस्त्याच्या कडेला शाळेसकट सगळं गाव.

"सर, सोडू नका हां!"

"नाही सोडत, बाई!"

मी खरंच सोडलं नाही. उतार आला आणि सायकलनंच मला सोडलं. बाई "सरका, सरका!" ओरडत निघाल्या. म्हैस सरकली, पोस्टमन सरकला. काजलच्या अंगणातली उडवी काही सरकली नाही. बाई थेट पेंढ्यात शिरल्या. बाहेर फक्त दोन पाय, त्यांतल्या एकातच चप्पल.

काजलचे वडील धावले. "बाई, लागलं नाय ना?"

पेंढ्यातून आवाज आला, "मला नाय. उडवी तुमची मोडली. माझंच चुकलं."

आधी तेच हसले, मग गाव हसलं. केसांत पेंढा घेऊन बाहेर आलेल्या बाईही पोट धरून हसल्या. मग त्यांनी सायकल उभी केली. ती ढकलत उतारावर परत नेली आणि पुन्हा सीटवर बसल्या; मी धापा टाकत कॅरियर धरलं.

"बाई, आज पुरे," मी हळूच म्हणालो.

"नको, सर. आता थांबले तर पोरींच्या फक्त माझं पडणं लक्षात राहील."

तेवढ्यात काजल आली आणि तिनं मला कॅरियरपासून बाजूला केलं. "सर, तुमाला नाय जमत. आनि बाई, तुमी चाकाकडं काय बगता? पुढं बगा ना!"

"तुला येते का गं?"

"नाय. पन तुमच्यापेक्षा बरी येल."

बाई लगेच उतरल्या. काजल बसली आणि तीही पेंढ्यात गेली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत उडवी पार सपाट झाली. काजलचे वडील चिडतील असं मला वाटलं. ते पेंढ्याचा भारा घेऊन रस्त्याकडे निघाले होते. "वळनावर लय पडतात," ते म्हणाले. "तितं पन टाकतो."

मुली सायकल शिकल्या. बाईंना ती शेवटपर्यंत आली नाही.

काजल आठवीत गेली त्या वर्षी बाईंची शहापूरकडे, आटगावच्या बाजूला बदली झाली. त्यांना मुरबाडपर्यंत सोडायला मी जीपमध्ये बसलो. दोघांच्या मध्ये त्यांची पत्र्याची पेटी. उताराच्या तोंडाशी ड्रायव्हर आणखी माणसं कोंबायला थांबला, तेवढ्यात मागून घंट्या वाजल्या. हायस्कूलला निघालेल्या मुली एकामागून एक जीपच्या बाजूनं गेल्या. बाई अर्ध्या बाहेर वाकल्या. "अगं सावकाश! ब्रेक!" कुणालाही ऐकू गेलं नाही.

"बाई, पोरी पुढं गेल्या की," ड्रायव्हर म्हणाला. "हॉर्न मारू का? थांबतील."

बाई रिकाम्या रस्त्याकडे बघत होत्या.

"नको रे," त्या म्हणाल्या. "त्यांचा शाळेचा टाइम झालाय."