दोन पायांची गाडी

आमची पिठाची गिरणी आणि गफ्फारचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. त्यामुळे त्याच्याविषयी मला जितकं ठाऊक आहे तितकं त्याच्या सख्ख्या भावालाही नसेल. मी विमल, गिरणीवाली. शाळा सातवीपर्यंत झाली, म्हणून लिहिताना जरा शुद्ध लिहिते; बोलताना मात्र आमचं लोणारचं आमचंच येतं. कोणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

गफ्फार गाड्या रंगवायचा. मोटारी नव्हेत. बैलगाड्या, छकडे, आणि लग्नाकार्याला बायकापोरांना घेऊन जायच्या त्या धमण्या. पोळा जवळ आला की त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. खारीच्या केसांचा ब्रश तो स्वतः बांधायचा आणि चाकाच्या आऱ्यांवर एका दमात वेल ओढायचा. पण वेल आणि फूल, बस्स. जीव असलेलं काही काढायचा नाही. मोर नाही, बैल नाही, साधी चिमणी नाही. गावोगावचे पाटील विनवण्या करून थकले, ह्यानं मान हलवली नाही. लहानपणी त्याच्या बापानं त्याला बजावलं होतं, की जिवाचं चित्र काढशील तर शेवटच्या दिवशी, कयामतीला, तुला म्हणतील, काढलंस ना, आता त्यात श्वास घाल. आणि ते तुला जमायचं नाही. बाप गेला, पण ते बोलणं गफ्फारच्या मनातून गेलं नाही.

मुळातच स्वभाव भित्रा. विहिरीच्या काठाला जायचा नाही, वळू दिसला तर गल्ली बदलायचा. त्यात लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा नाही. त्याच्या बायकोनं, फातिमानं, किती दवाखाने केले, किती दर्ग्यांना चादरी चढवल्या, तिचं तिला माहीत. शेवटी एकदाची मेहरून झाली, आणि मग तर ह्याच्या भित्रेपणाला धरबंध राहिला नाही. पोरगी शिंकली की ब्रश खाली. मी चिडवायची, "गफ्फार, पोरीले कापसात गुंडाळून पेटीत ठेव ना बे एकदाची." तो हसायचा नाही. त्याला ते खरंच करावंसं वाटत असावं.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. आमच्या सरोवराचे दगडगोटे तपासायला परदेशातले साहेब यायचे. त्यातला एक जपानी साहेब रेस्टहाउसला उतरला होता. तो सरोवराकडे जातायेता गफ्फारच्या अंगणात थांबायचा, उकिडवा बसून त्याचा हात कसा चालतो ते बघत राहायचा. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, तरी दोघं तासन् तास बसायचे. जाताना साहेबानं त्याला एक रंगीत खोका दिला. खोक्यावर चित्र होतं. डोंगराएवढा लोखंडी पहिलवान, हातातून जाळ निघतोय, आणि पायाशी घरं ढेकळांसारखी फुटून पडलीत. फातिमानं ते बघितलं आणि लगेच त्यावर ओढणी टाकली.

आत पहिलवान नव्हताच. नुसते पांढरे प्लास्टिकचे तुकडे, वेलीला शेंगा लागाव्यात तसे काड्यांना लागलेले. सोबत गोंदाची ट्यूब आणि घडी घातलेला एक कागद. लिहिलेलं सगळं जपानीत, पण कोणता तुकडा कशाला जोडायचा त्याची चित्रं होती. गफ्फारला ते वेडच लागलं. पत्तीनं तुकडा कापायचा, काचकागदानं कड घासायची, गोंदाचं बोट लावायचं आणि सुकेपर्यंत धरून बसायचं. पहिलवानाचे गुडघे वळायला लागले, कोपरं वळायला लागली. मग रंग. गाडीचा रंग तो, दाट. पहिल्या हातालाच सगळ्या बारीक रेघा बुजून गेल्या. तोंडानं शिव्या पुटपुटत त्यानं टर्पेंटाइननं सगळा पुसून काढला आणि पुन्हा पातळ करून दिला. पाय निळे, छाती पिवळी, तिच्यावर लाल वेल, खांद्यावर कमळं. पोळ्याला निघालेल्या धमणीसारखा नटवला त्याला. अर्धं लोणार बघून गेलं. शाळेतले मास्तर म्हणाले, ह्याला यंत्रमानव म्हणतात.

"मानव नाही मास्तर," गफ्फार घाईनं म्हणाला. "गाडी हाय. दोन पायाची गाडी. पाहा ना, तोंड कुठं हाय याले? जाळी हाय नुसती."

मी म्हटलं, "आन गाडी मंग हाकते कोन?"

तिथंच तर घोडं अडलं होतं. पहिलवानाच्या छातीला झाकण होतं, झाकणाआड खुर्ची, आणि खुर्चीत बसायला एक माणूस. चिंचोक्यापेक्षाही लहान. बसलेला, गुडघे मोडलेले, दोन्ही हात पुढं केलेले, जणू लगाम धरलाय. इवल्याशा चेहऱ्याला नाक, डोळे, सगळं. गफ्फारनं त्याला रंग लावला नाही आणि खुर्चीत चिकटवलाही नाही. म्हणाला, गाडीचं ठीक आहे, पण हा माणूस आहे, ह्याला आपल्या हातानं बसवायचं का नाही ते मेहकरच्या मौलवीसाहेबांना विचारीन. फेकून द्यायलाही त्याचा जीव होईना. मग एका रिकाम्या काडेपेटीत त्याला घातला आणि काडेपेटी रंगांच्या डब्यांमागं ठेवून दिली. मेहकरला जाणं काही झालं नाही.

मेहरून तेव्हा नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. त्या दिवशी माझी गिरणी चालू होती, ज्वारी पडत होती, तरी भिंतीपलीकडून फातिमाची किंकाळी मला ऐकू आली. पट्टा सोडून पळाले. बघते तर पोरगी जमिनीवर, तोंड निळंजांभळं, डोळे बाहेर आलेले, आवाज नाही. शेजारी काडेपेटी उघडी पडलेली. हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची ना ती, पोरीला आवडली. मी तिला उचललं, मांडीवर पालथी घातली आणि पाठीत धपाधप धपाटे घातले. ती खोकली, अजून खोकली, आणि मग एकदम श्वास घेऊन रडायला लागली.

तोंडात बोट घालून पाहिलं, काही नाही. चटई झटकली, डबे हलवले, मातीचा कण न् कण चाळला. तो माणूस कुठंच नव्हता.

गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, घसा पाहिला. पोरगी तोवर खेळायला लागली होती. म्हणाले, पोटात गेलं असणार, पोरं काय काय गिळतात, केळी चारा, पडून जाईल. केळी चारली. फातिमा रोज काडी घेऊन बघायची. काही पडेना. पहिल्याच संध्याकाळी तिनं तो खोका, तो चित्रांचा कागद आणि तो नटवलेला पहिलवान, सगळं चुलीत घातलं. काळा धूर निघाला आणि असा काही वास सुटला की माझ्या गिरणीतलं पीठही दोन दिवस वास मारत होतं. गफ्फार दारात उभा राहून बघत होता. त्यानं तिला अडवलं नाही.

"विमलबाई," मला म्हणाला, "म्या त्याले चिकटवून टाकला असता त झाकनाच्या आत राह्यला असता ना तो? पोरीच्या हाती लागला नसता."

खरंच होतं ते. पापाला भिऊन त्यानं त्याला बाहेर ठेवला, आणि बाहेर ठेवला म्हणूनच हे झालं. मी म्हटलं, "आता ते उगाळत बसू नोको." पण मलाच रात्रीची झोप येत नव्हती.

मग एका दुपारी फातिमा मला बोलवायला आली. हात धरून ओढत घेऊन गेली. मेहरून झोळीत झोपली होती, आणि तिच्या श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. अंग तापलेलं. मी छातीला कान लावला. डावीकडं श्वास ऐकू येत होता. उजवीकडं काही म्हणजे काहीच नाही. बंद घराला कान लावावा तसं. पोटात नव्हताच तो माणूस. छातीत जाऊन बसला होता.

डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाले, इथं काही होणार नाही, आत्ताच्या आत्ता औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात न्या. गिरणी नवऱ्याच्या, आमच्या किसनरावांच्या गळ्यात टाकली आणि मीही निघाले. ह्या दोघांना एकटं सोडायची माझी छाती झाली नाही. एसटीत गफ्फारनं एक बोट सारखं पोरीच्या नाकाखाली धरून ठेवलं होतं. खड्डा आला, पोरगी खोकली, की तिघांचेही श्वास अडकायचे. जालन्याला गाडी बदलली तेव्हा कोणी पाणीसुद्धा प्यालं नाही. मी आपली देवीला बोलत होते, फातिमा तिच्या अल्लाला. गफ्फार कोणालाच काही म्हणत नव्हता. नंतर सांगितलं त्यानं, की मागायलाच भ्या वाटत होतं, काही मागितलं तर वरच्याचं लक्ष आपल्याकडं जाईल.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फोटोत माणूस दिसेना. प्लास्टिक फोटोत उमटत नाही म्हणे. पण एका बाजूला हवा जात नाही ते स्पष्ट दिसतंय, म्हणाले. तरुणच होते, पण बोलणं शांत. "नळी घालून चिमट्यानं काढावं लागेल. थांबायला वेळ नाही. मला एवढंच सांगा, ती वस्तू आहे कशी? गोल आहे का? टोकं आहेत? कुठं धरायचं ते मला कळलं पाहिजे. चुकीच्या बाजूनं ओढलं आणि आत अडकलं तर फाटेल."

गफ्फार बोटांनी दाखवायला लागला. एवढा. असा बसलेला. हात असे. नाही, असे. त्याची बोटं इतकी थरथरत होती की त्यातून काय कळणार, कपाळ!

"तशीच दुसरी आहे का? खोका, चित्र, काही?"

फातिमानं डोक्यावरून पदर ओढला आणि तोंडच झाकून घेतलं. मी म्हटलं, "जाळलं साहेब सगळं."

"मग काढून दाखवा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी गफ्फारपुढं एक कागद आणि पेन्सिल सरकवली.

गफ्फारनं पेन्सिल उचलली. आणि हात तिथंच थांबला. मला वाटलं, मी आता ह्याच्या थोबाडीत देते. इथं पोरीचा श्वास शिट्टी वाजवतोय, आणि हा कागदाकडं बघत बसलाय! पण त्याचा चेहरा पाहिला आणि माझा हात उठला नाही. इतका घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याला दोन्हीकडून भीती होती.

फातिमानं तोंडावरचा पदर काढला. ती फार मोठ्यानं बोलली नाही. "निकालो जी," म्हणाली. "मैं कहती हूँ ना. निकालो."

आणि त्यानं काढलं. आधी अगदी तेवढाच, चिंचोक्याएवढा. मग त्याच्या बाजूला मोठा करून, समोरून. मग कुशीवरून. मोडलेले गुडघे, पाठ, पुढं केलेले दोन हात, मुठी. एकदा पेन्सिल टेकली आणि मग थरथर गेली. वेल ओढायचा तशीच रेघ, न उचलता. डॉक्टर वाकून बघत होते. "हे हात पुढं आलेत, म्हणजे आकड्यासारखे. मग पाठीकडून धरायला हवं. बस्स, कळलं मला."

गफ्फार थांबेना. डोकं काढलं. नाक काढलं. दोन डोळे काढले, त्यात बाहुल्या काढल्या.

"अहो पुरे, चेहऱ्याची गरज नाही."

"असू द्या साहेब," गफ्फार म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो बाहीनं पुसून पुसून ओठ काढत होता. "असू द्या. माह्याकून काही सुटायले नोको."

डॉक्टर कागद घेऊन आत गेले. पोरीला फातिमाच्या हातातून घेतलं तेव्हा ती रडलीही नाही, तेवढीसुद्धा हवा नव्हती तिच्यात. दार लागलं. बाहेर एक बाकडं होतं, त्यावर मी आणि फातिमा. तिनं माझा हात असा आवळला होता की बांगडी फुटून माझ्या मनगटात रुतली, ते मला नंतर कळलं. गफ्फार भिंतीकडं तोंड करून उभा. आत कशात तरी चिमटा वाजला. मग काही नाही. मग खूप वेळ काही नाही. कोणीतरी धावत आत गेलं, आणि माझ्या मनात नको नको ते आलं. ह्या दोघांना घेऊन मी परत गावात कशी जाऊ, कोणत्या तोंडानं जाऊ, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

आणि आतून रडणं ऐकू आलं. घोगरं, फाटकं, रागावलेलं रडणं.

फातिमा उठून दाराला जाऊन थडकली. गफ्फार जागचा हलला नाही. मान वळवून मला म्हणाला, "विमलबाई, हे मेहरूनच हाय का?"

"तेच हाय."

"दुसरं कोनाचं लेकरू असन."

"अरे तुह्यीच पोरगी हाय रे!"

"नीट आयका ना, विमलबाई. तुमी नीट आयका."

दार उघडलं. नर्सच्या खांद्यावर मेहरून, तोंड लालबुंद, मुठी आवळून किंचाळत होती. नर्स म्हणाली, "बाप कोण हिचा? घ्या, धरा." गफ्फारनं दोन्ही हात पुढं केले आणि तसाच उभा राहिला. पाय उचलेना त्याचा. मी मागून त्याला ढकलला.