पंखांचा तक्ता

हैदराबादची गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि मी अण्णांकडं न बघता आमच्या कॉलेजच्या दिशेला बघत होते. रडू नव्हतं, राग होता. औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातलं आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान बंद ठेवून अण्णा मला सोडायला आले होते. खिडकीतून हात आत घालून म्हणाले, "वही गेली तं गेली माय, डोकं तं तुझ्याजवळच हाय ना? कशाला जीव जाळती?"

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या काही तिथंच राहिल्या, काही माझ्यासारख्या बाहेर पडल्या. मी नोकरीसाठी गेले असं तुम्हाला वाटलं. खरं कारण ती वही होती.

वेगानं जाणाऱ्या क्षेपणास्त्राला हवा किती उचलते, किती मागं ओढते, ते सांगणारे आकडे म्हणजे गुणांक. मॉडेल विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या झोतात तपासायच्या बोगद्यात, जाण्याआधी ते अंदाजानं काढतात: धडाचे वेगळे, पंखांचे वेगळे, मग बेरीज. शेवटच्या वर्षी मी तेच करत होते. आमच्या सरांनी वही तपासायला नेली, ती परत दिलीच नाही. काही महिन्यांनी त्यांच्या एकट्याच्या नावानं शोधनिबंध छापून आला. विचारायला गेले तर हसून म्हणाले, "आकड्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का?"

घाईत त्यांनी एक गोष्ट बघितली नाही. बेरीज करायची तर सगळे गुणांक एकाच क्षेत्रफळावर आणावे लागतात, आणि क्षेपणास्त्रासाठी धडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ धरायची रीत आहे. माझा पंखांचा तक्ता पंखांच्याच क्षेत्रफळावर होता, बदलायचा राहिला होता. सरांनी तो तसाच धडाच्या आकड्यांत मिळवला. निबंध वाचताक्षणी मला ते दिसलं. कुणाला सांगितलं नाही. तेरा वर्षं ती चूक लोणच्यासारखी मुरवत ठेवली.

इथं मी भाजीवालीशी तेलुगूत भांडते, ऑफिसात इंग्रजीत, आणि मनातल्या शिव्या मात्र आपल्याकडच्याच. गावी येणं टाळत आले. सुट्टी नाही म्हणायचे, ते खोटं होतं. रस्त्यात सर भेटले असते आणि सवयीनं माझ्याच तोंडून "नमस्कार सर" निघालं असतं, त्याची भीती होती.

गेल्या महिन्यात आमच्या संशोधन संस्थेत बाहेरून आलेल्या प्रस्तावांची रिव्ह्यू मीटिंग झाली. सर आले, तोच निबंध पुढं करून. मला त्यांनी ओळखलं नाही. माझी पाळी आल्यावर मी विचारलं, "पंखांचे गुणांक कुठल्या क्षेत्रफळावर काढलेत?"

"धडाच्या. अर्थात."

मी पडद्यावर गणित करून दाखवलं. चूक सगळ्यांना दिसली. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "हा तक्ता आपण स्वतःच काढलात ना?"

हो म्हणावं तर चूक त्यांची, नाही म्हणावं तर चोरी उघडी. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. "माझ्या एका विद्यार्थिनीनं काढला होता."

"तिचं नाव?"

"वैशाली," ते म्हणाले, आणि माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघत राहिले.

मीटिंगच्या इतिवृत्तात ते नाव गेलं. प्रस्ताव परत गेला. संध्याकाळी अण्णांना फोन केला.

"त्याच्याच तोंडून वदवलं व्हय?" अण्णांनी विचारलं. "झालं ना मनासारखं? आता तरी घरी ये."

येणार आहे, दिवाळीला. सरांना माफ केलं म्हणून नाही. ते मला जमणार नाही. घर म्हटलं की तुम्हाला गल्ली दिसत असेल, आपली माणसं दिसत असतील. मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. परक्या शहरातल्या त्या थंडगार खोलीत सरांची मान खाली गेली, तेव्हा मला घरी पोचल्यासारखं वाटलं.