सर उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही

सकाळी घराचा जिना मी कठडा धरून, एका अंगानं वळून, एकेक पायरी उतरतो. आणि तसाच मैदानावर जाऊन पोरांना सांगतो, कंबर खाली घ्या, पाठ ताठ ठेवा. हसण्यासारखंच आहे. मुकुंदवाडीत रेल्वे रुळांच्या अलीकडं एका शाळेच्या मैदानावर मी कुंग फू शिकवतो. नोकरी शेंद्र्याच्या कारखान्यात, तीही उभ्यानं करायची. सकाळी पाय वाकवून उभं राहायचं आणि मग दिवसभर पाय सरळ ठेवून. डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, वंगण संपलंय, आता खाली बसणं बंद. मी हो म्हणालो. बायको शेजारी बसली होती म्हणून हो म्हणालो.

मी थांबलो की वर्ग बंद पडणार, हे उघड होतं. पुढं उभं राहील असं कुणी उरलं नव्हतं. जे तयार झाले ते पुण्याला गेले, लग्नं झाली, पोटं सुटली. दिवाळीला भेटले की पाया पडतात आणि म्हणतात, "सर, तुमी बंद करू नका हां." सांगायला काय जातं?

वर्गाची रीत वस्तादांपासूनची. वस्ताद म्हणजे माझे गुरू. ते लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं यायचे. तरुणपणी कलकत्त्यात एका चिनी सुताराच्या हाताखाली राबताना त्यांनी ही विद्या उचलली होती. पहिलं वर्षभर त्यांनी मला एक ठोसा मारू दिला नाही. नुसता घोडा. पाय रुंद करायचे, घोड्यावर बसल्यासारखं खाली जायचं, आणि तिथंच राहायचं. किती वेळ, हे विचारायचं नाही. मनात आकडे मोजायचे नाहीत, कारण मोजणारा माणूस सुटायची वाट बघतो. नजर समोरच्याच्या छातीवर ठेवायची, चेहऱ्यावर नाही. चेहरा फसवतो, खांदे फसवत नाहीत. आणि शिकवणाऱ्यानंही समोर तसंच बसायचं. तो उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. छडी नाही, शिवी नाही. आपल्याआधीपासून कुणीतरी तेच सोसतंय म्हटल्यावर तक्रार करायला तोंडच उरत नाही.

आता पालक येतात आणि विचारतात, "सर, बेल्ट कधी मिळंल?" आमच्यात बेल्ट नसतो म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मग शिकून काय मिळतं? मांड्या दुखतात, असं मी सांगतो. निम्मे दुसऱ्या दिवशी येत नाहीत. उरतात ती चिवट पोरं. फाटकाशी कुणी जय भीम घालतं, कुणी सलाम करतं, आणि आत आल्यावर सगळेच मूठ तळहाताला लावून वाकतात.

त्यात सगळ्यांत जुनी एक मुलगी आहे. मुलगी कसली, शेंद्र्यात पाळीला जाणारी कामगार बाई आहे आता. तिच्या अब्बांचं सीट कव्हरचं दुकान आहे. हिला पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारायची खोड. "सर, पर क्यूं?" पाय असाच का, मूठ इथंच का? वस्तादांनी तिला फाटकाबाहेर काढलं असतं. मी काढलं नाही, पण वैतागलो मात्र खूप वेळा.

यंदाच्या थंडीतली गोष्ट. मी घोड्यात बसलो, पोरं बसली. उठायची वेळ झाली तेव्हा माझा उजवा गुडघा जागचा हलेना. कळ थेट मस्तकात गेली. म्हटलं, थांबावं जरा, सुटेल. सुटला नाही. समोर पोरांना वाटलं, आज सर परीक्षा घेतायत. एकेकानं दात आवळले. एवढ्या थंडीत घाम फुटला, मांड्या लटलटायला लागल्या, पण एकही ढळेना. मला नुसतं 'उठा' म्हणायचं होतं. म्हटलं की सगळे सुटणार होते आणि मला उचलायला धावणार होते. पण शब्दच निघेना. पोरांच्या देखत पंगू दिसायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

मग ती उठली. सरळ माझ्यामागं आली, काखेत हात घातले आणि म्हणाली, "सर, वजन टाका माझ्यावर. डालो, डालो." मी कण्हत कसाबसा उभा राहिलो. सर उठले म्हटल्यावर बाकीचे धपाधप मातीत पडले. एक जण धापा टाकत मोठ्या अभिमानानं म्हणाला, "सर, आज लई वेळ बसवलं, पण आमी उठलो नाय! ती उठली."

"चुकलं सर," ती म्हणाली. "पण तुमचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ह्यांना कसं दिसलं नाय?"

त्यांना दिसणार नव्हतंच. त्यांची नजर माझ्या छातीवर होती, मीच शिकवल्यासारखी. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं, आणि हा थकवा त्या सकाळचा नव्हता.

"उद्यापासून पुढं तू बसायचं," मी म्हणालो.

"और आप?"

"खुर्चीवर."

"पोरं ऐकतील माझं?"

ते मला तरी कुठं ठाऊक होतं! घरी बायकोला सांगितलं. उठून तिनं प्लॅस्टिकची खुर्ची पुसली आणि स्कूटरला बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ती मुलगी पुढं बसली, समोर पोरं बसली. मी तिच्या बाजूला खुर्चीत, लग्नात आलेल्या दूरच्या पाहुण्यासारखा. अगदी नको झालं होतं. बऱ्याच वेळानं ती उठली. एकही पोरगं उठलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. सर अजून बसलेले होते ना!

"उठा रे," ती म्हणाली. कुणी हललं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी उठलो असतो तर पोरं उठली असती. 'उठा' म्हणालो असतो तरी उठली असती. आणि मग रोज माझ्याच उठण्याची वाट बघत राहिली असती, मी असेन तोवर.

मी बसल्या बसल्याच पायांनी रेटत खुर्ची फिरवली. मातीत करकर आवाज झाला. पोरांकडं पाठ केली. वर्गाकडं पाठ फिरवणं म्हणजे वस्ताद अपमान समजायचे. समोर कुंपण होतं आणि रूळ.

"उठा," ती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज चढवला नाही.

मातीवरून एक पाय सरकल्याचं ऐकू आलं. मग दुसरा. मग सगळेच. वर्ग उठला होता, आणि मी बसलेलाच होतो. डोळे पुसायला आता मला कुणाची चोरी नव्हती.