रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

आदरणीय डॉ. शालिनीताईंशी माझी ओळख माझ्याच एका चिठ्ठीमुळे झाली. शेलूबाजारला दवाखाना सुरू करून मला जेमतेम वर्ष झाले होते. धनजच्या कौसल्याबाई भाजीपाला पिकवत. दोन वर्षांपासून त्यांच्या पोटात आग होई, हातापायांना मुंग्या येत. तपासण्यांत काहीच निघेना. कुणीतरी गर्भपिशवी काढायला सांगितले आणि त्या तयारही झाल्या. त्यांना वाशीमला मनोविकारतज्ज्ञ असलेल्या ताईंकडे पाठवताना मी लिहिले, ‘रिपोर्ट नॉर्मल. मनोविकार.’

ताईंचा फोन आला. “डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल असणं हे निदान नसतं. गुरुवारी त्या पुन्हा येणार आहेत, तुम्हीही या.”

मी गेलो. “नाटक करून राह्यली हे,” कौसल्याबाईंचे पती म्हणाले. ताईंनी त्यांना शांतपणे थांबवून बाईंना विचारले, “दिवसातला किती वेळ या दुखण्याच्या विचारात जातो?”

“दिस उगवल्यापासून. मले वाटते, आता मी मरतोच. भाजीच्या वाडीत जाणंच सोडलं.”

“तुमचं दुखणं खरं आहे, बाई.”

कौसल्याबाई रडू लागल्या. “इतक्या डॉक्टरांत तुमीच पयले म्हनलं.” मी मान खाली घातली.

त्या गेल्यावर ताईंनी समजावले, “पूर्वी शरीरात कारण सापडलं नाही की आपण मनाचा शिक्का मारायचो. मनोविकारांच्या आताच्या वर्गीकरणात ती अट नाही. दुखण्याची भीती आणि विचार यांनी माणसाचं जगणं किती काळ अडवलंय, ते बघायचं. शरीराचा आजार असला तरीही हे असू शकतं.”

शस्त्रक्रिया टळली. ताई त्यांना ठरावीक दिवशी बोलावून ऐकून घेत, पतींनाही समोर बसवत. सहा महिन्यांनी कौसल्याबाई मला म्हणाल्या, “दुखते थोडंसं. पन वांगे तोडाले जातो मी आता.”

पुढे रिसोडच्या एका शिक्षिकांना मी अशाच चिठ्ठीसह पाठवले. ताईंनी थायरॉइड तपासायला सांगितले आणि दोष तिथे निघाला. चूक माझी होती. तरीही रुग्णासमोर ताई एवढेच म्हणाल्या, “तुमच्या डॉक्टरांनी वेळेवर पाठवलं.” तो मोठेपणा मी विसरलेलो नाही.

आज पंचाहत्तरीतही ताई आठवड्यातून तीन दिवस रुग्ण पाहतात, हे आम्हा सर्वांचे भाग्य. त्यांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो. आणि कधी काही दुखलेच, तर ताईंनी संकोच न करता सांगावे. ऐकून घ्यायला त्यांनी शिकवलेले आम्ही सारे आहोत.