पाटीवर आबांचं नाव

आमच्या माणदेशातला माणूस गलाईच्या धंद्यात कुठंही जावो, मदुराईला नाहीतर गुवाहाटीला, दुकानाच्या पाटीवर नाव लावतो ते वडलांचं. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, त्यांच्या दुकानातला केरसुद्धा जाळून त्यातून सोन्याचा कण न् कण काढायचा, ही आमची गलाई. भट्टीपुढं भाजायचं पोरानं आणि पाटीवर झळकायचं बापानं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट स्वतःचं नाव लावणाऱ्यालाच आमच्याकडं दीडशहाणा म्हणतात.

मी चुलत्याच्या हाताखाली मदुराईत काम शिकलो. पुढं एका गाववाल्यानं पोर्तुगालला बोलावून घेतलं. लिस्बनमध्ये काही दिवस त्याच्या भट्टीवर काढले आणि मग आपलं आपण दुकान टाकलं. पाटी रंगवून घेताना डोक्यात दुसरा विचार आलाच नाही. वर वडलांचं नाव, खाली तिथल्या भाषेत 'सोने-चांदी शुद्धीकरण'. पावत्यांवरही त्यांचंच नाव. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा म्हसवडजवळच्या आमच्या गावात ज्वारी आणि दोन म्हशी सांभाळून होते. पाटीचा फोटो पाठवला तर दिवसभर पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते म्हणे.

मग रहिवासी परवान्याची वेळ आली. 'स्वतःचा धंदा करणारा कुशल कारागीर' म्हणून अर्ज केला होता. तो मंजूर झाला नसता तर दुकान गुंडाळून गावी परत, आणि गावी माझ्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं. मदुराईचं दुकान तर चुलतभावांनी केव्हाच वाटून घेतलं होतं.

परवान्याच्या कचेरीत खिडकीपलीकडं माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची बाई होती. तिनं दुकानाचा फोटो पाहिला, पावत्या पाहिल्या आणि विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"माझे वडील."

"कुठं असतात?"

"भारतात. गावी."

"तेही हेच काम करतात?"

"नाही. ते म्हशी पाळतात."

बाईनं पेन खाली ठेवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. करखात्यात नाव माझं, पण पाटीवर आणि पावत्यांवर दुसऱ्याचं. म्हणजे मालक ते, मी नोकर. नोकराला हा परवाना मिळत नाही. आता माझं डोकं आधीच गरम, त्यात भाषा मोडकीतोडकी. मी आवाज चढवला. म्हटलं, बापाचं नाव नाही लावायचं तर काय शेजाऱ्याचं लावायचं? तिनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि मी पिईपर्यंत थांबली. मग समजावून सांगितलं. पाटी आणि पावत्या माझ्या नावाच्या करायच्या आणि या धंद्यात आपला हक्क नाही, असं आबांनी लिहून द्यायचं.

आबांना फोन केला. म्हणाले, "येवढंच व्हय? दितो की लिहून. त्यात काय?"

विट्याच्या माझ्या मेहुण्यानं त्यांना मोटरसायकलवरून दहिवडीला नेलं. तिथं कचेरीपुढं बसणाऱ्या स्टँप रायटरला बाप-लेकाच्या कागदाचा एकच साचा ठाऊक. त्यानं लिहिलं की मुलाशी, त्याच्या धंद्याशी व मिळकतीशी माझा काडीमात्र संबंध नाही व यापुढं राहणार नाही. आबांनी ते वाचून घेतलं. मेहुणा म्हणाला, "मामा, दुसरं लिहून घिऊ." आबा म्हणाले, "पोरगं तिकडं खोळांबलंय," आणि सही केली. येताना मेहुण्यानं चहासाठी गाडी थांबवली, तर ते उतरलेच नाहीत.

संध्याकाळपर्यंत गावात झालं, बापानं पोराला बेदखल केलं. आईचा फोन आला. "काय केलंस रं बाबा? लोक नाही नाही ते बोलाय लागल्यात." मी त्या स्टँप रायटरला मनसोक्त शिव्या घातल्या. मग फोन आबांनी घेतला. ते एवढंच म्हणाले, "कागूद चालतोय न्हवं? मग झालं."

कागद चालला. परवाना मिळाला. नवी पाटी लागली, माझ्या नावाची. पुढं कित्येक दिवस सकाळी कुलूप काढताना चुकून दुसऱ्याच्याच दुकानात शिरतोय असं वाटायचं, आणि लाज वाटायची ती वेगळीच.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला आमचे गलाईवाले लांबलांबच्या मुलखावरून गावी येतात. त्या साली मीही आलो. जुनी पाटी पत्र्याची होती, ती चादरीत गुंडाळून बरोबर आणली. आबांपुढं ठेवली. आबांनी खांद्यावरच्या टॉवेलानं पाटी पुसली. नावावरून बोट फिरवलं. मग उठून हातोडा शोधला आणि गोठ्याच्या दारावर ती ठोकून टाकली. वर पोर्तुगीजमधलं सोने-चांदी शुद्धीकरण, खाली आमच्या दोन म्हशी रवंथ करतायत. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसावं का रडावं कळेना.

आता आबा नाहीत. म्हशीही विकल्या. पाटीला मात्र आई कुणाला हात लावू देत नाही, आणि मी गावी गेलो की चहाचा कप घेऊन पाटीसमोरच बसतो. आबा होते तोवर गावात कुणी त्या कागदाचा विषय काढला की ते त्याला हाताला धरून गोठ्यापुढं आणायचे. पाटीकडं बोट करून म्हणायचे, "वाच की. परदेशातलं आख्खं दुकान पोरानं माज्या नावावर केलंय."