म्हस कुणाची?

२०२१ साल. माझं वय सदुसष्ट, आमच्या मंडळीचं बावन्न. दोन म्हशी आणि एक रेडकू टेम्पोत घालून आम्ही आजऱ्याकडचं गाव सोडलं. ड्रायव्हरशेजारी मी ऐटीत, मागं म्हशींपाशी ती. भावकी बघायला जमलेली. धाकटा भाऊ ओरडला, "दादा, बायकूच्या मागनं निगालास व्हय? येताना म्हशीचं शेपूट धरून ये!" तुम्ही सगळे हसलात. म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. चौथी शिकलोय, पण विसरलेलो नाही.

निघायचं तिनंच ठरवलं. दोन्ही पोरी नांदायला गेलेल्या. तिच्या बहिणीच्या कोल्हापुरातल्या घरामागं गोठा रिकामा पडलेला. म्हणाली, "तीस वर्सं धार मी काढली आन् डेअरीच्या पुस्तकात नाव तुमचं. आता माझं दूध मी इकणार."

"ह्या वयात काय सुचलंय तुला?"

"ह्याच वयात सुचतंय. आदी सवड कुटं हुती?"

मला यायचं नव्हतं. पण भावजयीच्या हातची भाकरी खात पडून राहायला मी काय मिंधा? आलो. फुगून आलो.

इथं दुधाचा कट्टा असतो. म्हैस रस्त्याकडेला बांधायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाचा ग्लास तिथंच हातात द्यायचा. पाण्याचा थेंब मिसळला असं कुणी म्हणायला नको. पहिल्या संध्याकाळी दोघींतल्या भुरी म्हशीला रेडकासकट घेऊन गेलो. कट्ट्यावरचा एक जुना गवळी म्हणाला, "म्हस कुणाची, पावणं?"

मी छाती काढून म्हणालो, "माझी."

"मग तुमी बसा की धारेला. हितं बायका बसत न्हाईत."

तेव्हाच भांडायला पाहिजे होतं. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. मंडळीला म्हणालो, "सरक, मी बसतो." ती पदर खोचून बाजूला झाली.

आयुष्यात कधी धारेला बसलो नव्हतो. बाजारात म्हैस पारखायची, शिंगाला रंग लावायचा, चारचौघांत 'माझी म्हस' म्हणायचं, एवढीच माझी कामं. रेडकू सोडलं, सड ओढले. भुरी पान्हा सोडेना. तालमीतली माणसं ग्लास धरून उभी. पुन्हा ओढले, तशी लाथ बसली आणि बादली गटारीत गेली.

"आजोबा, म्हस भाड्यानं आणलीया काय?" कुणीतरी म्हणालं. सगळा कट्टा खो खो हसला. गाव सोडताना तुम्ही हसला होतात, तसाच.

मंडळी म्हणाली, "उठा अवो. तिला माझा हात ठावं हाय."

ती बसली. कासेवर नुसता हात फिरवला आणि भुरीनं दुसऱ्या बादलीत धारा सोडल्या. पहिला ग्लास त्या गवळ्यानंच घेतला, मिशीचा फेस पुसला आणि म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे. उद्या गडी आणा."

वाटेत ती एवढंच बोलली, "हितंबी तसंच करायचं आसंल, तर उद्या टेम्पो बोलवा."

मला जेवण गेलं नाही. राग कुणाकुणाचा करायचा? गोठ्यात तीस वर्षं चाललेला हात चार माणसांत आला की वाईट कसा होतो? तिनं काढलेलं दूध घटाघटा प्यायचं आणि तिनं बसू नये म्हणायचं, ही कसली रीत? आणि ती रीत पाळायला पहिला कोण सरसावला? मीच. टेम्पो बोलावला असता तर तुमच्यासारखाच मेलो असतो, 'माझी, माझी' करत.

परवा भावानं फोनवर विचारलं, "दादा, घरला कवा येतोस?" घर? अरे, त्या घरात माझी म्हणून जी जी वस्तू होती, ती तिच्या हातावर चालत होती. तो हात इथं आहे. मग माझं घर कुठं, तूच सांग. आणि हसायचंच असेल तर इथं येऊन हस. रोज सकाळी कट्ट्यावर दावं धरून उभा असतो मी.

त्याची सुरुवात त्या लाथेच्या दुसऱ्याच सकाळी झाली. तांबडं फुटायला मी भुरीला धुतली, कट्ट्यावर नेली आणि मंडळीला धारेला बसवलं. गवळी तणतणत आला, "पावणं, काल काय सांगितलंतं? म्हस कुणाची हाय ही?"

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. बायकोचं नाव मी कधी चारचौघांत घेतलं नव्हतं. दावं मनगटाला गुंडाळलं आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडलो, "शेवंताची!"