तासाभराचा मामा

माझ्या मामाला अंतर विचारलं तर तो किलोमीटर कधीच सांगायचा नाही, वेळ सांगायचा. आणि तोही विमानाचा. कलबुर्गीला एका कंत्राटदाराकडे तो नोकरीला होता. आम्ही निपाणीचे. कलबुर्गी म्हटलं की आमच्या गल्लीला परदेश वाटायचा. मामा ते हसून उडवून लावायचा. "तिकडनं बेळगावच्या सांब्र्याला तासाभराचं विमान. सांब्र्यावरनं निपाणी म्हंजे काय, एक डुलकी!" दोन्ही विमानतळ इवलेसे, आमच्या बस स्टँडापेक्षाही शांत, पण मामाच्या तोंडून ऐकताना मुंबई-दिल्ली मागं पडायची.

विमानात बसणारा आमच्या घराण्यातला तो पहिलाच. पुढच्या सीटच्या खिशातली, उलटीसाठी ठेवलेली कोरी कागदी पिशवीसुद्धा त्यानं आईला कौतुकानं आणून दिली होती. आईनं तिच्यात वेलदोडे भरून ठेवले.

आई म्हणजे त्याची आक्का. पिको-फॉलच्या मशिनवर तिनं आधी या धाकट्या भावाला शिकवलं आणि वडील गेल्यावर मला वाढवलं. तो फोनवर म्हणायचा, "आक्का, गिरणीतनं तुझं दळण येईस्तवर मी सांब्र्याला उतरतोय बघ. लांब ऱ्हातोय म्हणून लांबचा झालो व्हय?" आई "न्हाय रं बाबा" म्हणत डोळे पुसायची. मीही भुलले होते, खोटं कशाला बोलू?

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं सगळ्यात आधी खडेबाजारात जाऊन मोतिया रंगाचा फेटा आणला. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीमागं मामा उभा राहतो, आणि आमच्याकडं तो फेट्याशिवाय उभा राहत नाही. "तू कशाला काळजी करतीस गं? सकाळच्या विमानानं आलोच," मामा म्हणाला.

लग्नाच्या सकाळी फोन आला. "आक्का, धुकं पडलंय. विमान रद्द झालं. काय करू सांग."

मुहूर्त जवळ आला. भटजी इकडंतिकडं बघू लागले. मांडवात चुलते होते, शेजारी होते. आईनं कुणालाच पुढं बोलावलं नाही. पदर खोचून माझ्या मागं येऊन उभी राहिली. "मी हाय की. सुरू करा तुम्ही." फेटा ताटातच राहिला. त्या धुक्याला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील!

बेळगावातल्या शाळेत माझी नोकरी. रजा संपवून गेले तर सोबतच्या बाई मोबाइलवर भाच्याच्या लग्नाचे फोटो दाखवत होत्या. लग्न बेळगावातच, माझ्याच दिवशी. नवरी मामाच्या मालकाची मुलगी. कार्यालयाच्या दारात भगवा फेटा बांधून मामा पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होता. विमान आलं होतं. मामाही आला होता.

मी फोन केला. "अगं, मालकाचं कार्य. मोडता येतंय व्हय? तुझं काय, घरचंच की." मालकाच्या दारात तो उभा राहिला, हे एखाद वेळ मी गिळलंही असतं. पण ज्या आक्कानं शिकवलं तिला त्यानं धुकं सांगितलं, हे मला आजही सहन होत नाही. आईला सांगितलं तेव्हा तिनं मशिन चालूच ठेवलं.

यंदा नोकरी सोडून मामा भेटायला आला. पायरीवरूनच ओरडला, "आक्का, तासाभरात आलो बघ!"

आई उठली. जन्मभर ज्याला "ये रं" म्हटलं, त्याच्यासाठी तिनं पाहुण्यांची खुर्ची पुसून पुढं केली आणि डोक्यावर पदर घेतला.

"बसा पावणं," ती म्हणाली. "लई लांबनं आलासा."